कच्चा खर्डा

आमच्या धंद्याला मराठीत 'खर्डेघाशी' असं नाव आहे. हा शब्द ज्यानं कुणी काढला, त्यानं बँकेतला कारकून अगदी जवळून पाहिला असला पाहिजे. पण गंमत अशी, की जन्मभर खर्डे घासूनही आम्ही आमचा खर्डा कुणाला दाखवत नाही. दाखवायची ती पक्की प्रत. खाली दोन रेघा, शेजारी सही, सहीवर शिक्का. पेन्सिलीनं केलेल्या बेरजा खोडरबरानं पुसून त्यांचा चुरा टेबलाखाली फुंकून दिल्याशिवाय साहेबांसमोर कागद न्यायचा नाही, हा आमच्या खात्यातला पहिला संस्कार. मी कॉमर्सचा पदवीधर. आम्हाला कॉलेजातही हेच शिकवलं. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या तर तो ताळेबंद, नाही जुळल्या तर तो घरचा विषय.

हा संस्कार गेल्या वर्षी आमच्या भाच्यानं मोडला.

त्याचं असं झालं. आमच्या सोसायटीनं मला एकमतानं खजिनदार केलं. एकमतानं अशासाठी, की सभेला आलेल्या अकरा जणांपैकी दहा जणांनी "हे बँकेत आहेत" असं म्हणत माझ्याकडे बोट दाखवलं आणि अकरावा मी होतो. हिशेबाच्या वह्या पाहून माझी छाती दडपली. भाचा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "मामा, तुला मी एक प्रोग्रॅम लिहून देतो." मला वाटलं, दिवाळीपर्यंत देईल. पोरगं पुढच्याच रविवारी हजर!

मोठ्या कौतुकानं मी तो प्रोग्रॅम चालवला. त्यानं पहिल्या झटक्याला तळमजल्यावरच्या आजींना दोन चारचाकींचं पार्किंग लावलं. आजींकडे काठीखेरीज दुसरं वाहन नाही. पाणीपट्टी उणे आली, म्हणजे आम्हीच नगरपालिकेला पाणी पुरवतो असा त्याचा समज झाला होता. नंतर मी सचिवांचं नाव टाइप केलं, त्यात एक जोडाक्षर होतं, ते पाहून पडदा काळा झाला तो झालाच.

मी भाच्याला फोन लावला. आवाज शक्य तितका खालचा ठेवला, कारण नात्याचा प्रश्न होता. म्हटलं, "अरे, थोडी गडबड दिसतेय."

"वा! कुठे कुठे मोडलं ते लिहून ठेव हां मामा. ते मोडणारच होतं. ही आवृत्ती शून्य दशांश एक आहे."

मी गारच पडलो. लग्नाच्या पंगतीला लोक बसवायचे, भात अर्धा कच्चा वाढायचा आणि वर यजमानानं वही-पेन्सिल घेऊन विचारायचं, "कुठलं शीत बोटचेपं झालंय तेवढं सांगा," असाच हा प्रकार. मी तसं म्हणालोही. त्यावर तो हसला आणि म्हणाला, "मामा, जगातला अर्धा कारभार असाच उभा राहिलाय." आणि त्यानं मला एक इतिहास सांगितला. पुढे मी त्याच्या मागे लागून, थोडं वाचून, थोडं विचारून त्या इतिहासाची खतावणी केली. ती अशी.

फिनलंड नावाच्या थंडगार देशात हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी होता. वय वर्षं २१. त्यानं १९९१ च्या जानेवारीत ३८६ जातीचा एक संगणक घेतला, तोही हप्त्यांनी. इथे माझी आणि त्याची पहिली ओळख पटली. हप्ता भरणारा माणूस दिसला, की तो कुठल्याही देशाचा असो, मला आपला खातेदार वाटतो. हा मुलगा घरात बसून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला लागला. आता ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय? तर शाखेतला हेडक्लार्क. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, पाटीवर त्याचं नाव नसतं, पण कुणाला कुठलं टेबल द्यायचं, कुणाची फाइल कुठल्या कपाटात ठेवायची, दोघं एकाच वेळी एकच लेजर मागत असतील तर आधी कुणाला द्यायचं, हे सगळं तो ठरवतो. तो रजेवर गेला, की शाखा उघडी असूनही बंद असते.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी या मुलानं जगाला कळवलं, की मी असं असं काहीतरी करतोय, हा आपला छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, पण तुम्हाला त्यात काय हवं ते सांगा. लक्षात घ्या, या वेळी त्याच्याकडे वाटण्याजोगं काही नव्हतं. आपल्याकडे पेणला गणपतीच्या कारखान्यात शाडूचा नुसता गोळा असताना लोक मूर्ती सांगून जातात, त्यातलाच हा प्रकार.

सप्टेंबरात पहिली आवृत्ती निघाली. नंबर ०.०१. सुमारे दहा हजार ओळींचा मजकूर. ती चालवायची तर आधी मिनिक्स नावाची दुसरीच सिस्टिम जवळ असावी लागे आणि कीबोर्ड फिनिश पद्धतीचा, कारण त्याला तेवढाच ठाऊक होता. टोरवाल्ड्सला स्वतःलाच या प्रतीची इतकी लाज वाटत होती, की त्यानं तिचा गाजावाजा केलाच नाही. चार-दोन ओळखीच्यांना खासगीत कळवलं. म्हणजे आमच्यासारखाच हाडाचा खर्डेघाशा! पण त्यानं लाज वाटत असतानाही ती कपाटात कुलूपबंद केली नाही, हा आमच्यात आणि त्याच्यात फरक. बारशाचीही गंमत आहे. बापानं मनात नाव योजलं होतं 'फ्रीक्स'. पण ज्यानं विद्यापीठांच्या जाळ्यावरच्या संगणकावर जागा करून दिली, त्या आरी लेम्केला ते नाव पसंत पडलं नाही, म्हणून त्यानं त्या कप्प्यावर परस्पर 'लिनक्स' अशी चिठ्ठी लावून टाकली. आत्यानं कानात सांगितलेलं नाव बदलता येत नाही, हा नियम फिनलंडमध्येही असावा.

५ ऑक्टोबरला ०.०२ आली आणि हिची मात्र त्यानं उघड दवंडी पिटली. मग पत्रं येऊ लागली. पैसे नकोत, तुमच्या गावाचं पोस्टकार्ड पाठवा, असं त्यानं सांगितलं होतं, म्हणून घरी जगभरातून पोस्टकार्डं येऊन पडायला लागली. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या आपल्या भावाला एवढ्या लांबून कोण लिहितंय, याचं बहिणीला नवल वाटू लागलं. पुढे १९९३ च्या अखेरीला तर वापरणाऱ्या मंडळींनीच वर्गणी काढून त्याच्या संगणकाचं राहिलेलं देणं भागवलं. हे वाचून मी दोन मिनिटं स्तब्ध बसलो. बँकेत वीस वर्षांच्या वर काढली, पण कर्जदाराचे हप्ते त्याच्या गिऱ्हाइकांनी हौसेनं भरल्याचं एकही प्रकरण माझ्या टेबलावरून गेलेलं नाही. उलट जामीनदारसुद्धा सही केल्यापासून फोन उचलत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, कच्चा माल फुकट वाटून त्याला नक्की मिळालं काय? तर तक्रारी मिळाल्या. त्यांतली एक ऐकण्यासारखी आहे. जर्मनीतल्या एका गरीब बिचाऱ्याच्या संगणकात जेमतेम दोन मेगाबाइट मेमरी होती, तेवढ्यात त्याचं काम होईना. मेमरी म्हणजे आपलं टेबल. टेबल छोटं असलं आणि लेजरं फार झाली, तर आपण काय करतो? नको असलेली लेजरं तात्पुरती मागच्या कपाटात ठेवतो, लागली की परत आणतो. टोरवाल्ड्सचं स्वतःचं टेबल ऐसपैस होतं, त्याला या कपाटाची गरज नव्हती. पण त्या अनोळखी माणसासाठी त्यानं १९९१ च्या नाताळात बसून ही सोय केली. मेमरीत न मावणारी पानं डिस्कवर ठेवायची. जानेवारी १९९२ मध्ये ०.१२ आवृत्तीत ती सगळ्यांना मिळाली आणि पुष्कळांनी हीच सोय पाहून लिनक्स घेतलं. पक्की प्रत होईपर्यंत तो थांबला असता, तर हे कपाट कुणाला सुचलंच नसतं. कारण ज्याचं टेबल मोठं, त्याला कपाट सुचत नाही. हे कपाट आपण ध्यानात ठेवू, पुढे ते पुन्हा येणार आहे.

त्याच सुमारास आणखी एक घटना घडली. टोरवाल्ड्सला विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावायचा होता. त्यानं चुकून फोनच्या जागी स्वतःची हार्डडिस्क दिली आणि फोन लावण्याच्या आज्ञा बिचाऱ्या डिस्कवर जाऊन लिहिल्या गेल्या. मिनिक्सचा भाग पुसला गेला. आता परत मिनिक्स घाला किंवा आपण लिहिलेलंच वापरा, असे दोन रस्ते होते. त्यानं दुसरा धरला. स्वयंपाकघरातला दुसरा डबा सांडला, म्हणून स्वतःची कच्ची खिचडी खाणारा हा पहिलाच स्वयंपाकी. स्वतः खाल्ल्यावर तिखट-मीठ लवकर कळतं.

यशामुळे माणूस चढतोच. १९९२ च्या मार्चमध्ये पठ्ठ्यानं ०.१२ वरून एकदम ०.९५ वर उडी मारली. आता काय, पाच धावा काढल्या की शंभर! पण नव्वदीत भल्याभल्यांचे पाय लटपटतात. ०.९६ झाली, ०.९७ झाली, डिसेंबर १९९२ मध्ये ०.९९ आली आणि तिथे गडी जो अडकला तो तब्बल पंधरा महिने. ०.९९ च्या पोटी पंधरा पोटआवृत्त्या, आणि शेवटी शेवटी त्यांनाही पुन्हा ए-बी-सी अशी अक्षरं लावावी लागली. आमच्या व्हाऊचरना 'अ', 'ब' जोडतात तशी. १४ मार्च १९९४ ला एकदाची १.० लागली. तोवर दहा हजार ओळींच्या पावणेदोन लाखांवर ओळी झाल्या होत्या. त्या अडीच वर्षांत निघालेली एकूण एक आवृत्ती लोकांच्या हातात होती, आणि लोकांनी ती मोडून, शिव्या घालून, दुरुस्त करून परत पाठवली होती. मग त्यांनी नियमच केला. मधला आकडा सम असेल तर ती शहाण्या माणसांसाठी, विषम असेल तर प्रयोग. १.२, २.०, २.२ सरळमार्गी, आणि १.१, १.३, २.१ म्हणजे पदरी हिंमत असेल त्यानं घ्याव्यात. ही सम-विषमाची रीत २००३ पर्यंत चालली. नंतर पक्क्या आवृत्तीआधी दर रविवारच्या सुमारास एकेक उमेदवार-आवृत्ती काढायची पद्धत पडली, ती आजही आहे. वधूवरसूचक मंडळासारखं. आधी उमेदवार दाखवायचा, चार जणांनी खोड्या काढायच्या, मग अक्षता.

१९९७ मध्ये एरिक रेमंड नावाच्या गृहस्थानं या सगळ्यावर 'कॅथेड्रल आणि बाजार' या अर्थाच्या नावाचा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की लवकर दाखवा, वरचेवर दाखवा, आणि पाहणारे डोळे पुरेसे असतील तर कुठलीही चूक फार वेळ लपून राहत नाही. निबंध गाजला. नेटस्केप कंपनीनं १९९८ च्या जानेवारीत आपल्या ब्राउझरचा सगळा मजकूर खुला करण्याचं जाहीर केलं आणि ३१ मार्चला तो खुला केलाही. ३१ मार्च! आपल्याकडचे सगळे हिशेबनीस ज्या दिवशी कपाटं बंद करून बसलेले असतात, त्या दिवशी यांनी कपाट उघडलं. त्यातून मोझिला उभी राहिली. तिथे रोज रात्री त्या दिवशीचं सगळं काम एकत्र करून संगणक नवी प्रत शिजवायचा, आणि हौशी लोक सकाळी ती वर्तमानपत्रासारखी उतरवून घ्यायचे. आज कुठलं बटण चालत नाही, हे पाहायचं आणि कळवायचं. असे चार वर्षं रतीब घातल्यावर जून २००२ मध्ये मोझिला १.० आली.

"म्हणजे कच्चं ते सगळं चांगलंच, असं का?" मी भाच्याला विचारलं. बँकेत एवढी वर्षं काढल्यावर कुठल्याही योजनेच्या मागचं बारीक टायपातलं पान वाचल्याशिवाय मला झोप येत नाही.

तो प्रामाणिक पोरगा आहे. म्हणाला, "नाही रे मामा. दोन भानगडी आहेत."

पहिली भानगड डोळ्यांची. माल उघडा ठेवला म्हणजे लोक पाहतीलच असं नाही. ओपनएसएसएल म्हणून एक प्रोग्रॅम आहे. जगातल्या असंख्य वेबसाइटींवरची कुलपं त्याची. २०११ च्या ३१ डिसेंबरला, म्हणजे लोक फटाके उडवत असताना, त्यात एक सदोष तुकडा शिरला. २०१२ च्या मार्चमध्ये तो वापरात आला आणि ७ एप्रिल २०१४ ला जगाला कळलं, की या भोकातून कुणीही आतली गुपितं वाचू शकतं. त्याला 'हार्टब्लीड' नाव पडलं. दोन वर्षं मजकूर सगळ्यांसमोर उघडा होता. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं पाहिलं असेल. आमच्याकडे एका व्हाऊचरवर चार सह्या असतात. पहिला म्हणतो, पुढे तिघं बघणार आहेतच. शेवटचा म्हणतो, आधी तिघांनी पाहिलंय.

यावर अमेरिकेतल्या डोनाल्ड नूथ नावाच्या प्राध्यापकांचा उपाय मला फार पटला. पुस्तकं सुबक छापण्यासाठी त्यांनी 'टेक' नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि जो त्यांच्या पुस्तकातली चूक दाखवील त्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक द्यायला सुरुवात केली. लोक ते चेक वटवायचेच नाहीत, फ्रेम करून भिंतीला लावायचे. असे खातेदार आम्हाला का मिळत नाहीत? पुढे चेकच्या फसवणुकीचा धोका दिसल्यावर २००८ मध्ये त्यांनी खरे चेक बंद केले आणि एका काल्पनिक बँकेची प्रशस्तिपत्रं द्यायला लागले. माणूस चुकीबद्दल आभार मानतो, तेही लेखी, हे पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे चूक दाखवणाऱ्याची बदली होते.

दुसरी भानगड नावाची. डेबियन म्हणून लिनक्सचा एक मोठा सार्वजनिक संसार आहे, १९९३ साली इयन मर्डॉकनं मांडलेला. १९९५ च्या अखेरीला त्यांची १.० तयार होत होती. काम अर्ध्यावर होतं, पण रिवाजाप्रमाणे सगळ्यांना दिसेल असं ठेवलेलं होतं. इन्फोमॅजिक नावाच्या सीडी विकणाऱ्या कंपनीनं तो अर्धवट माल उचलला, सीडीवर घातला आणि वर 'डेबियन १.०' असं छापून विकला. घेणाऱ्यांचे संगणक धड सुरू होईनात. शेवटी दोघांनी मिळून डिसेंबरात जाहीर केलं, की ही १.० खरी नव्हे. आणि डेबियननं काय केलं? तो नंबरच सोडून दिला. १९९६ च्या जूनमध्ये आली ती थेट १.१. काही इमारतींत तेरावा मजला नसतो, तसा यांच्या इतिहासात १.० नाही. तेव्हापासून त्यांनी चालू कामाच्या कप्प्यांवर आकडे लिहायचंच सोडलं आणि 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या खेळण्यांची नावं लावली. सगळ्यात कच्च्या कप्प्याला कायमचं नाव 'सिड'. सिड म्हणजे त्या चित्रपटातला शेजारचा खेळणी मोडणारा कारटा! सिडच्या घरात शिरताना काय होणार हे आधीच कळलेलं बरं.

नेटस्केपनंही नोव्हेंबर २००० मध्ये मोझिलाचा अर्धा शिजलेला भात 'नेटस्केप ६' अशी पक्की पाटी लावून वाढला आणि लोकांची पुरेपूर बोलणी खाल्ली. तोच भात हौशी मंडळी रोज सकाळी आनंदानं खात होती. भात तोच, पाटी वेगळी.

इथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अर्धवट दाखवणं हे पाप नव्हे. अर्धवट असताना 'झालं' म्हणणं, हे पाप.

हे शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात अडखळला, कारण माझ्या खात्यावर एक जुनी नोंद आहे.

नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं. आमच्या लहानशा शाखेत तेव्हा लेजरं हातानं लिहीत. महिनाअखेरीला प्रत्येक लेजरची बेरीज काढून मुख्य खात्याशी जुळवायची. माझं लेजर १,९८० रुपयांनी कमी येत होतं. सोमवारी रात्री नऊपर्यंत बसलो, तरी फरक सापडला नाही. मंगळवारी हेडक्लार्कनी सहज विचारलं, "काय रे, मिळाला का बॅलन्स?"

मी म्हणालो, "मिळाला."

का म्हणालो? नवा होतो, लाज वाटत होती. वाटलं, उद्या सापडेल, कुणाला कळणारही नाही. पेन्सिलीनं आकडा कोपऱ्यात लिहून ठेवला. बुधवारी सापडला नाही. गुरुवारी गर्दी होती. शुक्रवारी काउंटरवर एक निवृत्त प्राथमिक शिक्षक येऊन उभे राहिले. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे. बायकोच्या आजारपणासाठी औषधाच्या दुकानदाराला त्यांनी ५,००० रुपयांचा चेक दिला होता. तो पुरेशी शिल्लक नाही म्हणून परत गेला होता. गुरुजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "बाळ, माझं काही चुकलंय का ते बघतोस? आजपर्यंत माझा चेक कधी परत गेला नव्हता."

हेडक्लार्क उठून आले. त्यांनी माझ्या लेजरच्या कोपऱ्यातला पेन्सिलीचा आकडा पाहिला. नऊनं भागून पाहिला. २२०. निःशेष. "फरकाला नऊनं भाग गेला, की आधी आकड्यांची अदलाबदल शोधायची," असं पुटपुटत त्यांनी पेन्शनची यादी मागवली. गुरुजींची पेन्शन ६,१४०. मी लिहिली होती ४,१६०. सहा आणि चार यांनी जागा बदलल्या होत्या. एवढं सगळं व्हायला सात मिनिटंही लागली नाहीत. नोंद दुरुस्त झाली, दुकानदाराला फोन गेला. नंतर हेडक्लार्क मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "अरे, मंगळवारी 'नाही मिळाला' म्हणाला असतास, तर चहा संपेपर्यंत सापडलं असतं." चूक कुणाचीही होते, असं त्यांनी मुद्दाम म्हटलं नाही. चुकीबद्दल ते बोलतच नव्हते.

गुरुजी जाताना मला "येतो हां" म्हणाले. ते "येतो हां" मला अजून ऐकू येतं.

आता ते कपाट परत येतंय. २०२१ च्या २८ फेब्रुवारीला, रविवारी, लिनक्सची ५.१२ साठीची पहिली उमेदवार-आवृत्ती निघाली. तीत एक भयंकर चूक होती, आणि ती त्याच १९९१ च्या नाताळातल्या सोयीच्या वंशात. मेमरीत न मावणारी पानं डिस्कवरच्या फाइलीत ठेवताना ती भलत्याच जागी लिहिली जात. म्हणजे लेजर नेमलेल्या कपाटात ठेवायच्या ऐवजी शेजारच्या कपाटातल्या दस्तऐवजांवर चोपडून टाकायचं. ज्याच्याकडे तशी मांडणी होती, त्याचे कागद गेले. बुधवारी, ३ मार्चला, टोरवाल्ड्सनं सगळ्यांना उघड कळवलं, की ही आवृत्ती वापरू नका. आणि त्या आवृत्तीच्या नावालाच इंग्रजीत 'वापरू नका' हे शब्द जोडून टाकले. पुसली नाही, लपवली नाही. नावासकट वेशीवर टांगली. दुरुस्त प्रत नेहमीच्या रविवारची वाट न पाहता शुक्रवारीच दिली.

रविवार ते शुक्रवार. सोमवार ते शुक्रवार. जवळजवळ तेवढेच दिवस. त्या माणसाच्या चुकीकडे सगळं जग बघत होतं, माझी चूक बघायला एक हेडक्लार्क होते आणि त्यांना मी 'मिळाला' म्हणून परत पाठवलं होतं. तो उमेदवार कच्चा आहे हे ज्यानं घेतला त्याला ठाऊक होतं. गुरुजींना मात्र आपण कुणाच्या तरी ०.०१ वर चेक लिहितोय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

भाच्याच्या प्रोग्रॅमची सध्या ०.७ चालू आहे. आजींचं पार्किंग गेलं, जोडाक्षरं पचायला लागली, नगरपालिकेला आम्ही पाणी पुरवत नाही. दर महिन्याला मी सूचनाफलकावर हिशेब लावतो आणि वर ठळक अक्षरांत लिहितो, 'कच्चा हिशेब. चूक दिसल्यास खजिनदारांस सांगावे.' पहिल्या महिन्यात सभासदांनी चौदा चुका काढल्या. त्यांतल्या तीन खऱ्या होत्या. उरलेल्या अकरा लिफ्टसंबंधी होत्या, पण आमच्या सभेलाही अकराच जण येतात, त्यामुळे तेही जुळलं.

तर असा हा लेख. तत्त्व पटलंय म्हटल्यावर ते पाळलं पाहिजे, म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच कच्चा खर्डा सौ.च्या हातात दिला. ती तेव्हा मिरच्यांचा खर्डा करत होती. एका हातात बत्ता, एका हातात माझे कागद. म्हटलं, "हसू कुठे येत नाही ते सांग."

तिनं शेवटपर्यंत वाचलं. गुरुजींच्या पानावर जरा थांबली. मग कागदावर मिरचीचं बोट ठेवून म्हणाली, "अहो, सहा हजार एकशे चाळीसमधून चार हजार एकशे साठ गेले, तर किती राहतात?"

"का?"

"तुम्ही सगळीकडे एक हजार आठशे नव्वद लिहिलंय."

मी कागद ओढून घेतला. खरंच, आठ आणि नऊ यांनी जागा बदलल्या होत्या. फरक नव्वदचा. नऊनं निःशेष भाग जातो.

तुमच्या हातात आहे ती दुरुस्त प्रत आहे. तरीही चूक दिसल्यास सांगावे. चेक वटवायचा नाही, एवढीच अट.